कापडी बोरं

बकुळताई आगाशे गेल्याचा फोन टहरौलीहून आला तेव्हा गजाननराव तुळशीला पाणी घालत होते. फोन बकुळताईंच्या भाच्याचा होता, नीरजचा. तो हिंदीतच बोलला, थोडक्यात बोलला, आणि आप लोग पड़ोसी थे इसलिए बता दिया, असं म्हणून त्याने फोन ठेवला. गजाननराव तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. आतून त्यांची सून अनुया आली. तिला सगळं जाणून घ्यायचं होतं. मावशींचं वय काय असेल, लग्न कधी झालंच नव्हतं का, नीरजखेरीज आणखी कुणी आहे का त्यांचं. एकेक प्रश्न आला तसं गजाननरावांच्या ध्यानात यायला लागलं की यातल्या एकाचंही धड उत्तर आपल्याजवळ नाही. झाशीच्या सिविल लाइंसमधल्या त्या जुन्या आवारात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. इतकी वर्षं बकुळताईंच्या शिलाई मशीनचा आवाज त्यांच्या उशाशी होता, आणि माणूस मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

भिंतीपलीकडून जेवढं कळतं तेवढंच त्यांना कळलेलं. सकाळी उठल्याबरोबर आलं ठेचल्याचा आवाज यायचा, म्हणजे चहा आल्याचा. मशीन सुरू व्हायचं ते शाळेच्या रिक्षा निघून गेल्यावर. दुपारी ते थांबायचं आणि रेडिओ लागायचा. बकुळताईंचं घराणं जुनं, कधीकाळी देवळातल्या पूजेसाठी दक्षिणेतून आलेलं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात ओसरी, परडी, दुपेटा असे शब्द यायचे आणि त्याच दमात 'भैया, ज़रा धागा दिखाना' असंही यायचं. मापं घेताना त्या बायकांना दटावायच्या. "पोट आत ओढू नकोस. खोटं माप दिलंस तर खोटाच ब्लाउज होईल." बायका हसायच्या आणि पोट सोडायच्या. कात्री त्या कुणाच्या हातात देत नसत, जमिनीवर ठेवत आणि म्हणत, घ्या. झाशीतल्या बहुतेक मराठी घरांतल्या बायकांचे ब्लाउज, मुलींचे परकर, बाळांची झबली त्यांच्याच हातची. गजाननराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते तेव्हापासून त्यांच्या विजारींची लांबी त्याच करून देत. पण तेव्हाही बोलणं व्हायचं ते विजारीपुरतं.

गजाननरावांना तसं कुणाशीच बोलता येत नसे. समोरच्याने काही विचारलं की त्यांना उत्तर सुचायचं ते घरी आल्यावर, चप्पल काढताना. बायको होती तोवर ती त्यांच्या वाटचं बोलायची. ती गेल्यावर मुलगा नचिकेत आणि सून अनुया बोलायला लागली. म्हणून गेल्या पौषात अनुयाने एक काम त्यांच्या गळ्यात घातलं तेव्हा त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

काम होतं बोरन्हाणाचं. संक्रांत झाली की रथसप्तमीच्या आत एखाद्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या घरांतल्या लहान पोरांचं एकत्र बोरन्हाण व्हायचं. काळी झबली, काळे फ्रॉक, हलव्याचे दागिने, पोराला पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, अलीकडे चॉकलेटं आणि गोळ्यासुद्धा ओतायच्या. मोठी मुलं त्यावर तुटून पडायची. आदल्या वर्षी या गडबडीत एका दीड वर्षाच्या पोराच्या घशात हलव्याचा दाणा अडकला होता. पोरगं निळं पडलं. कुणीतरी त्याला उलटं धरून पाठीत थापट्या मारल्या, दाणा निघाला, पोरगं रडलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण तेव्हा कडेवर तान्ही शमिका घेऊन उभ्या असलेल्या अनुयाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. या वर्षी शमिका पाटावर बसणार होती. अनुयाने मंडळात उभं राहून सांगितलं की या खेपेला गोड काही नाही. हलवा नाही, रेवडी नाही, टॉफी तर नाहीच. प्रत्येक बाळाला एक परडी द्यायची, तिच्यात खेळायच्या वस्तू घालायच्या, आणि डोक्यावरून ओतायचं तेही असं काही, की जे कुठल्याच पोराला गिळता येणार नाही.

म्हाताऱ्या बायकांनी नाकं मुरडली. मयुरा म्हणून एक फटकळ बाई आहे, ती म्हणाली, संक्रांतीला गोड न देणं म्हणजे पोरांना आत्तापासूनच आपल्यासारखं बोलायला शिकवणं. सगळे हसले, पण अनुया हटली नाही. शेवटी हो-ना करत ठरलं. परडीत काय घालायचं ते अनुयाने मोबाइलवर बघून ठेवलं होतं, आणि ते शिवणार कोण, तर बकुळमावशी. आणि त्यांना विचारणार कोण, तर बाबा. कारण त्या आठवड्यात अनुया बँकेतून यायची रात्री उशिरा.

गजाननराव गेले. ओसरीवर बराच वेळ उभे राहिले, तेव्हा आतूनच आवाज आला, "भाऊ, विजार आणली असेल तर आत या, नाहीतर थंडीत कशाला उभे." विजार नाही, म्हणाले ते, आणि जे पाठ करून आले होते ते एका दमात बोलून टाकलं. पाच पोरं आहेत, तीन वर्षांच्या आतली. गोड नको. दाणा नको. टोचणारं नको. गोंड्याला मणी नको. डोळ्याला बटण नको.

बकुळताईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा असा उजळला की गजाननरावांनी नजर वळवली. आजवर त्यांच्याकडे सगळे आले होते ते आपलं कापड आणि आपलं माप घेऊन. तुमच्या मनाने काहीतरी करा, असं त्यांना कुणी म्हटलं नसावं.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडचं मशीन दुपारीही थांबेना. अनुया रोज संध्याकाळी जाऊन येई आणि काय काय झालं ते सांगे. परडीत एक कापडी हत्ती, त्याचे डोळे दोऱ्याने भरलेले. पानं उलटायचं मऊ कापडाचं पुस्तक, एका पानावर मासा, एका पानावर चांदोबा. लाकडी वाटी-चमचा, तो मात्र बाजारातून. नाव भरलेलं दुपटं. आणि कानटोपी. हलव्याच्या दागिन्यांच्या जागी लोकरीच्या फुलांचा हार आणि मुकुट. पण बकुळताईंना सुचलेली खरी गोष्ट वेगळीच होती. बोरन्हाणात बोरं नसली तर त्याला न्हाण कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी बोरंच शिवली. कापडाची, आत कापूस, वर हिरव्या दोऱ्याचं देठ, आणि प्रत्येक बोर मोठ्या माणसाच्या मुठीएवढं. पोराच्या तोंडात जायचं नाही आणि डोक्यावर पडलं तरी लागायचं नाही.

एक दिवस दुपारी बकुळताईच गजाननरावांच्या दारी आल्या. हातात एक बोर होतं, पोपटी रेशमाचं. बोरं पुष्कळ लागतील, नवं कापड आणायचं तर सगळी एकसारखी होतील, मजा येणार नाही, असं म्हणाल्या. घरात शिवणातून उरलेली कतरन आहे. ट्रंकभर आहे. वर्षानुवर्षांची. मग थोडं थांबून, बोराचं देठ बोटाने सारखं करत त्यांनी विचारलं, "वापरू का हो भाऊ? कुणी ओळखणार तर नाही?"

गजाननरावांना तो प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लेखी कापड म्हणजे कापड. स्वतःच्या लग्नातल्या कोटाचा रंगसुद्धा त्यांना आठवत नव्हता. एखादी बाई बोटभर तुकड्यावरून सगळी साडी, ती नेसली तो दिवस आणि ती देणारं माणूस ओळखू शकते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "चिंधी कोण ओळखतंय, बकुळताई. खुशाल वापरा."

बकुळताईंनी मान हलवली. त्यांना हेच ऐकायचं होतं असं वाटलं. पण इतके दिवस जी गोष्ट त्यांनी ट्रंकेत ठेवली होती, ती बाहेर काढायला त्यांना कुणाचा तरी हवाला हवा होता, आणि तो आपण दिला, हे गजाननरावांना तेव्हा समजलं नाही.

बोरन्हाणाच्या रविवारी धुकं दुपारपर्यंत हटलं नव्हतं. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, पाच पाट मांडले. परड्या मांडल्यावर सगळ्या बायका भोवती जमल्या, आणि नाकं मुरडणाऱ्यांनीही हत्ती हातात घेऊन पाहिला. बकुळताई कडेला उभ्या होत्या. अंगावर कधी न पाहिलेली मोतिया रंगाची साडी होती. गजाननरावांकडे झेंडूच्या पाकळ्यांचं ताट दिलं होतं, ते घेऊन ते दाराशी उभे राहिले. काळ्या फ्रॉकात, डोक्यावर लोकरीचा मुकुट घातलेली शमिका पहिल्या पाटावर बसली आणि अनुयाने परातीतली बोरं तिच्या डोक्यावरून सोडली.

ती इतकी हलकी होती की पडताना आवाज झाला नाही. लाल, मोरपंखी, आमसुली, जरीची, ठिपक्यांची. पोरं ओरडत सुटली. मोठी मुलं तुटून पडली, पण खायचं काही नाही म्हटल्यावर एकमेकांना फेकून मारू लागली. एक बोर उडून मयुराच्या मांडीवर पडलं. तिने ते उचललं, वळवून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर माझ्या मंगळागौरीची साडी."

मग काय, सगळ्याच वाकल्या. हे माझ्या बाळंतविड्याचं, हे तुझ्या दिल्लीच्या नणंदेचं, हे त्या वर्षी ग्वाल्हेरहून आणलेलं नाही का. प्रत्येकीला आपलं बोर सापडलं. मयुरा म्हणाली, "तरीच माझ्या बाह्या दर खेपेला आखूड. बाह्या इथे आहेत होय." हॉल हसून हसून लोटपोट झाला. बकुळताईसुद्धा हसल्या. गजाननरावांनी त्यांना असं तोंड उघडून हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, बघा, ओळखलं तरी काही बिघडलं नाही.

हसत नव्हती ती एकटी कांचन. कांचन पोस्टात नोकरीला, पन्नाशीची, बोलायला गोड बाई. ती शमिकाच्या पाटासमोर बसली होती आणि शमिकाच्या हातातल्या बोराकडे बघत होती. बोर जांभळं होतं, त्याला पिवळा-लाल काठ होता. शमिकाने ते तोंडात कोंबायचा प्रयत्न चालवला होता, ते जात नव्हतं, म्हणून ती चोखत होती. कांचनने ते हळूच घ्यायला हात पुढे केला. शमिकाने किंकाळी फोडली आणि ते पोटाशी धरलं. त्या किंकाळीने सगळ्यांच्या माना वळल्या.

"बकुळमावशी," कांचन म्हणाली, "हे आईचं लुगडं ना?"

कांचनची आई दोन हिवाळ्यांमागे गेली होती. तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं कांचनने बकुळताईंकडे दिलं होतं, लेकीच्या बाळासाठी दुपटं शिवायला. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला, काही उरलं का. देवापाशी ठेवायला एवढासा तुकडा पुरला असता मला. तुम्ही म्हणालात, चिंधीसुद्धा उरली नाही."

"नव्हती उरली," बकुळताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे, मागून सापडली."

खोटं आहे हे सगळ्यांना कळलं, आणि ते कळल्याचं बकुळताईंना कळलं. पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं की मीही एकदा विचारलं होतं. आणखी एक म्हणाली, मीही. मघाशी ज्या बाह्यांवर सगळे हसले होते त्या बाह्यांची थट्टा आता थट्टा राहिली नाही. मयुराने मांडीवरचं बोर परातीत परत ठेवलं. झाशीत मराठी घरं ती किती. सगळी याच हॉलमध्ये मावतात. बकुळताईंना दुसरं गणगोत नव्हतं. होतं ते हेच. यांचीच कापडं, यांचीच बारशी, यांचीच हळदीकुंकवं. इथे तोंड दाखवायला जागा उरली नाही तर त्यांनी जायचं कुठे?

बकुळताईंनी एकदाच दाराकडे, गजाननरावांकडे पाहिलं. अनुयानेही पाहिलं; बाबांनी वापरा म्हटल्याचं मावशींनी तिला सांगितलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं होतं वापरा म्हणून. पण त्यांच्या हातात पाकळ्यांचं ताट होतं. त्यांनी मान खाली घातली आणि पाकळ्यांतली देठं वेचायला लागले. आज नीट आठवून पाहिलं तर त्या पाकळ्यांत देठं नव्हतीच.

बकुळताईंनी सतरंजीवरची बोरं परातीत गोळा केली. पोरांच्या हातातली मागून घेतली. हत्ती आणि पुस्तकं नव्या कापडाची होती, ती राहू दिली. शमिकाकडचं जांभळं बोर मात्र ती देईना, म्हणून तेवढं राहिलं. बाकीच्या पोरांच्या डोक्यावरून मग गजाननरावांच्या ताटातल्या पाकळ्याच ओतल्या. बोरन्हाण लवकर आटोपलं.

त्यानंतर भिंतीपलीकडचं मशीन बंद झालं. बकुळताई दिवसभर उन्हात, पायरीवर बसून ब्लेडने बोरं उसवत. कापूस एका पिशवीत, कतरन दुसऱ्या. मग त्यांनी एकेक तुकडा इस्त्री करून, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून ज्याचा त्याच्या घरी नेऊन द्यायला सुरुवात केली. कोणता कुणाचा हे त्यांना तोंडपाठ होतं. अनुयाला बँकेत बायका सांगत. मावशी आल्या, बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, चहा घेतला नाही, पुडी दिली आणि गेल्या. ते बोटभर रेशीम परत घेताना बायकांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणालाच ते नको होतं. पण नको म्हणायचीही कुणाला हिंमत झाली नाही. पुडी घेऊन दार लावलं की त्याच बाईला पुढच्या वेळी ब्लाउज घेऊन बकुळताईंच्या दारी कसं जायचं हा प्रश्न पडे, आणि मग ती सदर बाजारातल्या शिंप्याकडे जाई.

सगळ्या पुड्या देऊन झाल्यावर त्या एक पुडी घेऊन गजाननरावांकडे आल्या. ही कांचनची, म्हणाल्या. तेवढी तुम्ही द्याल का? माझ्याच्याने तिच्या दारात जाववत नाही. आणि शमिकाकडचं बोरही त्याच लुगड्याचं आहे. तेही घाला यात.

शमिका त्या बोराशिवाय झोपत नव्हती. गजाननरावांनी दुपारी ती झोपल्यावर तिची बोटं एकेक करून सोडवली. सुट्टी म्हणून अनुया घरी होती. तिने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, हे त्या दिवशीच बोलून टाकायला हवं होतं तुम्ही." मग तिने स्वतःच ते बोर रुमालात गुंडाळून दिलं. ओलं होतं.

कांचनकडे ते ई-रिक्षाने गेले. वाटभर त्यांनी वाक्य घोकलं. कांचनने खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पुडी आणि बोर टीपॉयवर ठेवलं आणि म्हणाले, "कांचन, त्यांनी मला विचारलं होतं, कुणी ओळखेल का म्हणून. मीच म्हणालो, चिंधी कोण ओळखतंय. माझ्यामुळे झालं."

कांचन पुडी उघडून तो जांभळा पट्टा मांडीवर सरळ करत होती. "काका, ओळखलं म्हणून मला नाही वाईट वाटलं," ती म्हणाली. "उरलं नाही म्हणाल्या, म्हणून वाटलं. मागितलं असतं तर मी अर्धं लुगडं दिलं असतं त्यांना."

इतके दिवस जे ओझं घेऊन गजाननराव फिरत होते ते भलत्याच जागी उतरवून ठेवल्यासारखं त्यांना झालं. कांचनने पट्टा घडी करून देवघरात ठेवला. बोर उचलून तिने नाकाशी धरलं आणि तिला हसू आलं. आईचा नाही, पोरीच्या लाळेचा वास येतोय, म्हणाली. ते तिने परत त्यांच्या हातात दिलं. "हे शमिकाचंच राहू द्या. आणि मावशींना सांगा, मी दिलं म्हणून. त्यांना म्हणावं, आता पुरे झालं, माझं एक पोलकं शिवायचंय, येऊन माप घेऊन जा."

परत येताना गजाननरावांना फार दिवसांनी हलकं वाटलं. निरोप गोड होता. एवढा सोपा निरोप कुणीही पोचवला असता.

बकुळताई पायरीवरच बसल्या होत्या. त्यांना बघून उठल्या. "घेतलं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं."

"काही म्हणाली?"

गजाननरावांच्या कोटाच्या खिशात बोर होतं. त्यांचा हात त्याच्यावर होता. पण बोर काढून दाखवलं तर आधी हेच दिसेल की ते परत आलं, आणि त्याचा अर्थ सांगायला आपल्याला शब्द सापडेपर्यंत बकुळताईंचं तोंड उतरेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आलं. निरोप नीट, सुरुवातीपासून सांगायला हवा होता. तो सांगताना त्या दिवशीच्या पाकळ्या मध्ये येणार होत्या. त्यांनी ठरवलं, उद्या सकाळी सांगू, चहाच्या वेळी, शांतपणे.

"नाही," ते म्हणाले.

बकुळताई पुन्हा खाली बसल्या. त्यांनी पदराचं टोक बोटांत धरून पाहिलं. मग, गजाननरावांनी विचारलं नसताना, त्या म्हणाल्या, "तो जांभळा आता मिळत नाही हो, भाऊ. जुन्या रंगाऱ्यांचा होता. मला हवासा वाटला. दुसरं काही नव्हतं मनात." आणि आत गेल्या.

ट्रंकेत आणखी काय होतं, इतक्या घरांचे तुकडे त्या का जपत, एकट्या असताना ते काढून पाहत का, हे त्यांना विचारायची ती वेळ होती. नंतर तशी वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलं ठेचल्याचा आवाज आला, पण गजाननराव गेले नाहीत. काल नाही म्हटलं आणि आज हो कसं म्हणायचं? तिसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं. बोर त्यांनी शमिकाला दिलं, घरात खेळू देत, बाहेर नेऊ नका म्हणून अनुयाला बजावलं, आणि का ते सांगितलं नाही. होळीच्या सुमाराला कांचन बाजारात भेटली. मावशी आल्या नाहीत अजून, म्हणाली, सांगितलंत ना त्यांना? गजाननराव म्हणाले, हो, सांगितलं. कांचनचा चेहरा पडला. बरं, म्हणाली, त्यांची मर्जी. उरलं नाही म्हणताना बकुळताईंना कसं वाटलं असेल ते त्यांना भर बाजारात, हातात भाजीची पिशवी असताना कळलं.

चैत्रात पाडव्याच्या हळदीकुंकवाला बकुळताई गेल्या नाहीत. बोलावणं गेलं होतं, पण ते पोराच्या हाती, तोंडदेखलं. दोन दिवसांनी नीरज टहरौलीहून छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. तो तिथे शाळेत मास्तर आहे. बुआ आता तिथेच राहणार, म्हणाला. इथे काम नाही, एकट्या पडतात. सामान थोडंच होतं. पलंग, मशीन, भांड्यांची गोणी आणि ती ट्रंक. ट्रंक नीरजने एका हाताने उचलून टाकली, इतकी हलकी झाली होती.

निरोप द्यायला आवारातली दोन-तीन हिंदी घरं आली होती. मराठी बायकांतलं कुणी नव्हतं, बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. गजाननराव कोट घालून फाटकापाशी उभे होते. आज सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. सगळं सांगायचं, कांचनचा निरोप, पोलकं, सगळं. अजूनही वेळ गेली नव्हती. मशीन उतरवून घेता आलं असतं. तेवढ्यात अनुया शमिकाला कडेवर घेऊन घाईघाईने बाहेर आली, मावशींना टाटा कर, म्हणत. शमिकाच्या मुठीत जांभळं बोर होतं. ते घराबाहेर न्यायचं नाही हे घाईत अनुयाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. धुऊन धुऊन ते फिकं झालं होतं, तरी काठ ओळखू येत होता.

बकुळताईंनी ते पाहिलं. मग गजाननरावांकडे पाहिलं. आपण ते पोचवलंच नाही असं त्यांना वाटलं, की कांचनने ते नाकारलं असं वाटलं, की आणखी काही, हे त्यांच्या तोंडावरून गजाननरावांना कळेना. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. बकुळताई एक पाऊल पुढे आल्या, शमिकाच्या गालाला बोट लावलं, आणि त्यांची नजर गजाननरावांच्या कोटावर गेली.

"भाऊ, कोटाचं बटण लोंबतंय," त्या म्हणाल्या. "तोडून खिशात ठेवा. पोरगी तोंडात घालेल."

"हो," गजाननराव म्हणाले. "ठेवतो."